गुणाकार हाती, गुणक गुलदस्त्यात

२०१३ साली कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक रेडिओ दुर्बिणीच्या १९० तासांच्या निरीक्षणांतून एक आकडा काढला. आकाशाचा सुमारे ४१ चौरस अंशांचा भाग, सहा ते आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन आणि जोडीला ‘विगल्झ’ या सर्वेक्षणातला दीर्घिकांचा नकाशा, एवढी सामग्री. आकडा आला ०.०००४३ आणि सांख्यिकी अनिश्चितता ०.००००७, म्हणजे साधारण सोळा टक्के. त्या काळच्या मानानं हे मोठं यश होतं. पण हा आकडा नेमका कशाचा, हे विचारलं की उत्तर अडचणीचं होतं. तो तीन राशींचा गुणाकार आहे. विश्वात उदासीन हायड्रोजन किती आहे ही पहिली राशी. एकूण द्रव्याच्या मानानं तो किती दाटीवाटीनं राहतो, ही दुसरी. आणि ज्या दीर्घिकांशी त्याची तुलना केली त्यांच्याशी त्याचं कितपत जुळतं, ही तिसरी. पावतीवर एकूण रक्कम छापलेली असावी आणि वजन व भाव पुसले गेलेले असावेत, तशी ही गत.

हायड्रोजनच्या रेडिओ सर्वेक्षणांतून विश्वरचनाशास्त्राला काय मिळेल यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत भरपूर लिहिलं गेलं. कृष्ण ऊर्जेचं स्वरूप, न्यूट्रिनोंचं वस्तुमान, विश्वाच्या पहिल्या क्षणांतले चढउतार, सगळं काही यातून कळेल असे अंदाज वर्तवले गेले. अंदाज खोटे नाहीत. पण त्यातले बरेचसे वायू नीट ओळखीचा आहे असं धरून चालतात, आणि तो तसा नाही.

मूळ भौतिकी साधी आहे. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या फिरकीची दिशा एकच असेल तर अणूची ऊर्जा किंचित जास्त असते. इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की ही जादा ऊर्जा २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे १,४२० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीच्या रूपात बाहेर पडते. एकटा सोडलेला अणू हे सरासरी एक कोटी वर्षांत एकदा करतो, पण अणूच इतके आहेत की खंड पडत नाही. व्हॅन द हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये हे भाकीत केलं आणि १९५१ मध्ये हार्वर्डला युएन आणि पर्सेल यांनी ही लहर पकडली. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या हायड्रोजनची लहर ताणून येते; या ताणाच्या मापाला रेडशिफ्ट म्हणतात. रेडशिफ्ट १ वरचा वायू ७१० मेगाहर्ट्झला ऐकू येतो, रेडशिफ्ट ८ वरचा १५८ ला. कंप्रता म्हणजेच अंतर, त्यामुळे एका दुर्बिणीतून थेट त्रिमितीय नकाशा हाती येतो. दृश्यप्रकाशात हेच करायला एकेका दीर्घिकेचा वर्णपट घेत बसावं लागतं.

अडचण लहर क्षीण असण्याची. अरेसिबोच्या दुर्बिणीवरून झालेल्या ‘अल्फाल्फा’ सर्वेक्षणात सुमारे ३१,५०० हायड्रोजन-स्रोत एकेक करून सापडले, पण ते सगळे रेडशिफ्ट ०.०६ च्या आतले, म्हणजे आपल्या शेजारपाजारचेच. त्यापलीकडे एकेक दीर्घिका वेगळी दिसण्याचा हट्ट सोडावा लागतो. आकाशाच्या मोठ्या ठोकळ्यातून एकूण किती हायड्रोजन बोलतो आहे तेवढंच मोजायचं आणि त्या ठोकळ्यांच्या चढउतारांचा पॉवर स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या अंतरावर चढउतार किती याचा आलेख, काढायचा. याला इंटेन्सिटी मॅपिंग म्हणतात. कॅनडातली चाइम, दक्षिण आफ्रिकेतली मीरकॅट आणि उद्याचा एसकेए या सगळ्यांची भिस्त याच पद्धतीवर आहे.

या नकाशात दिसतो हायड्रोजन. आपल्याला हवं असतं कृष्णद्रव्य, कारण विश्वरचनेचे आकडे त्याच्या वाटणीत दडलेले असतात. दोघांमध्ये दीर्घिकांचा सगळा संसार उभा आहे. पहिल्या ताऱ्यांनी अवकाशातला बहुतेक वायू आयनित करून टाकल्यावर उदासीन हायड्रोजन उरला तो दीर्घिकांमधल्या दाट, सावलीतल्या जागी. कृष्णद्रव्याच्या लहान गोळ्यांत, ज्यांना हेलो म्हणतात, तो टिकत नाही, कारण अवकाशभर पसरलेला अतिनील प्रकाश त्यांच्यातला वायू तापवून हाकलतो. फार मोठ्या हेलोंत, म्हणजे दीर्घिकांच्या गुच्छांत, वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापलेला असतो आणि आत शिरणाऱ्या दीर्घिकांचा थंड वायू ओरबाडला जातो. म्हणजे हायड्रोजनची खरी वस्ती मधल्या आकाराच्या हेलोंत. खालची मर्यादा नेमकी कुठे, वरची कुठे, मध्ये वाढ किती चढी, हे सुपरनोव्हांचे स्फोट, कृष्णविवरांचे झोत आणि ताऱ्यांच्या जन्माचा वेग ठरवतात. यातलं काहीच मूलभूत तत्त्वांपासून गणित करून मिळत नाही.

म्हणून सगळी मोजमापं सारखी धोक्यात आहेत, असं मात्र नाही. सर्वांत निर्धास्त राहावं ते ध्वनिलहरींच्या खुणेबाबत. आदिम विश्वात उमटलेल्या या खुणेची लांबी आज सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षं आहे आणि पॉवर स्पेक्ट्रममध्ये ती हलक्या लाटांसारखी दिसते. तिथे लाट किती उंच आहे याला महत्त्व नाही, ती कुठे आहे याला आहे. हायड्रोजन दुप्पट असो वा निम्मा, लाटेची जागा जवळपास तीच राहते. कृष्ण ऊर्जेच्या मापनासाठी चाइमची रचना या खुणेभोवती झाली, हे शहाणपणाचं होतं.

द्रव्याची जुळणी किती वेगानं वाढते हे मोजायला गेलं की गाडी अडते. दीर्घिका एकमेकींकडे ओढल्या जातात, त्यांच्या वेगामुळे नकाशा दृष्टिरेषेच्या दिशेनं थोडा चेपतो आणि या चेपण्यातून वाढीचा वेग कळतो, हे निक कैसर यांनी १९८७ मध्ये दाखवलं. दीर्घिकांच्या मोजणीत हे सुरेख जमतं, कारण तिथे सरासरीच्या तुलनेत किती जास्त दीर्घिका आहेत ते मोजता येतं. रेडिओ नकाशात सरासरी हरवलेली असते. आपल्याच आकाशगंगेच्या प्रखर रेडिओ प्रकाशात हायड्रोजनची सरासरी पातळी बुडून जाते, चढउतार तेवढे उरतात. त्यामुळे हाती येतो तो वाढीचा वेग नव्हे, तर वाढीचा वेग गुणिले हायड्रोजनचं सरासरी प्रमाण. हे प्रमाण वीस टक्क्यांनी अनिश्चित असेल तर वाढीचा वेगही तितकाच, मग दुर्बीण कितीही संवेदनशील असो. एमान्युएले कास्तोरिना आणि मार्टिन व्हाइट यांनी २०१९ मध्ये दाखवलं की लहान अंतरांवरच्या, रेषीय नियम सोडून वाढणाऱ्या जुळणीतून ही गाठ काही अंशी सुटते. अर्थात लहान अंतरांवरच तर दीर्घिकांची अंतर्गत भानगड जास्त असते.

ही भानगड केवढी, ते चाइमच्या निकालांत दिसतं. ब्रिटिश कोलंबियातल्या पेंटिक्टनजवळ २० मीटर रुंद आणि १०० मीटर लांबीचे चार अर्धनळीसारखे परावर्तक जमिनीवर पडून आहेत; आकाश त्यांच्यावरून सरकत जातं. त्यांनी मिळवलेल्या नकाशावर ज्ञात क्वेसारांच्या, म्हणजे दूरच्या अतिप्रखर दीर्घिकागाभ्यांच्या, जागा ठेवून सरासरी काढली तेव्हा हायड्रोजनचा संकेत ११.१ सिग्मा इतक्या ठामपणे दिसला. असा संकेत योगायोगानं येत नाही. पण या संकेताची उंची आली १.६८, आणि अनिश्चितता वर १.१०, खाली ०.६७. ‘आहे’ हे निःसंशय, ‘किती’ यात मात्र पन्नास टक्क्यांच्या आसपासचा घोळ. त्याचं कारण दुर्बिणीतला गोंगाट नव्हतं. लहान अंतरांवर हायड्रोजन आणि क्वेसार कसे गोळा होतात याचं प्रारूप खात्रीचं नव्हतं, आणि त्या अज्ञानाची किंमत आकड्याला मोजावी लागली. हा उंचीचा आकडाही पुन्हा प्रमाण आणि दाटी यांचं मिश्रणच. या क्षेत्रात यापुढे अडकायचं कुठे आहे, ते माझ्या मते या एका निकालातून जितकं कळतं तितकं अंदाजांच्या दहा लेखांतून कळत नाही.

न्यूट्रिनोंचं प्रकरण आणखी नाजूक आहे. त्यांना वस्तुमान असल्यामुळे लहान अंतरांवरची जुळणी काही टक्क्यांनी दबते. प्लँक उपग्रह आणि दीर्घिका सर्वेक्षणं मिळून न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांची बेरीज ०.१२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत आणली गेली, म्हणजे शोधायचा परिणाम आता फार बारीक उरला आहे. आणि ज्या अंतरांवर तो शोधायचा, तिथेच हायड्रोजनची दाटी अंतराप्रमाणे बदलते.

विश्वाच्या पहिल्या क्षणातले चढउतार अगदी घंटाकृती वाटणीचे होते की नाही, हा प्रश्न अतिविशाल अंतरांवर सोडवायचा असतो. तिथे दीर्घिकांचे स्फोट पोहोचत नाहीत, म्हणून ही जागा सुरक्षित मानली जाई. पण या मापनात हायड्रोजनची दाटी आदिम चढउतारांना किती प्रतिसाद देते हा एक गुणक लागतो आणि तो प्रमाणित सूत्रातून घेण्याची प्रथा होती. अलेक्झांड्रे बरेरा यांनी २०२२ मध्ये संगणकीय विश्वांतून तपासून दाखवलं की ते सूत्र हायड्रोजनला जसंच्या तसं लागू पडत नाही. पुन्हा तेच: गुणाकार मोजायचा आणि एक गुणक गृहीत धरायचा.

हे गुणक स्वतंत्रपणे कुठून आणायचे? जवळच्या विश्वासाठी अल्फाल्फासारखी सर्वेक्षणं आहेत. खूप दूरच्या, म्हणजे रेडशिफ्ट २ च्या पलीकडच्या विश्वासाठी क्वेसारांच्या प्रकाशात वाटेतल्या वायूमुळे पडणाऱ्या रुंद काळ्या पट्ट्या आहेत. त्यांतून हायड्रोजनचं प्रमाण बऱ्यापैकी कळतं. हे वायुमेघ किती दाटीनं राहतात, हे २०१२ मध्ये बॉस सर्वेक्षणातून मोजलं गेलं आणि उत्तर २.१७ आलं. अनेकांनी धरलं होतं त्यापेक्षा ते बरंच जास्त होतं, म्हणजे हे मेघ समजत होतो त्यापेक्षा जड हेलोंत राहतात. जी राशी विश्वरचनेच्या अंदाजांत सहज गृहीत धरली जात होती, ती मोजल्याबरोबर सरकली.

मधल्या पट्ट्यासाठी खोडदची दुर्बीण कामी आली. नारायणगावजवळच्या जीएमआरटीचे ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना उभारताना गोविंद स्वरूप यांच्या मनात दूरच्या हायड्रोजनचा शोध हाच एक मुख्य हेतू होता. २०२० मध्ये आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये जे मांडलं त्याची रीत पाहण्यासारखी आहे. ७,६५३ दीर्घिका घेतल्या, ज्यांची जागा आणि रेडशिफ्ट दृश्यप्रकाशातून आधीच माहीत होते. प्रत्येकीचा हायड्रोजन कोणत्या कंप्रतेला दिसायला हवा ते काढलं, जीएमआरटीच्या विदेतून त्या जागचा तेवढा तुकडा उचलला, सगळे तुकडे एका वेगमापावर आणून एकावर एक रचले. एकाही तुकड्यात नजरेला काही दिसत नाही. पण ७,६५३ चं वर्गमूळ ८७ च्या पुढे जातं, म्हणजे गोंगाट तितक्या पटींनी खाली येतो आणि सरासरीत संकेत वर येतो. उत्तर मिळालं: साडेसहा ते नऊ अब्ज वर्षांपूर्वीच्या या दीर्घिकांत सरासरी बारा अब्ज सूर्यांइतका हायड्रोजन. तारे ज्या वेगानं जन्मत होते तो पाहता हा साठा एक-दोन अब्ज वर्षांत संपणारा होता. पुढे याच चमूनं ५१० तासांचं सर्वेक्षण करून दीर्घिकांची संख्या ११,४१९ वर नेली.

हे काम सहसा दीर्घिकांच्या उत्क्रांतीच्या खात्यात टाकलं जातं आणि विश्वरचनावाले त्याच्याकडे पाहुण्यासारखं पाहतात. मला ते उलट वाटतं. चाइमच्या पट्ट्यातला एक गुणक सुटा करायची ही थेट वाट आहे. तिला मर्यादा आहे ती निवडीची. या दीर्घिका निळ्या, तारे जन्माला घालणाऱ्या, दृश्यप्रकाशात ठळक अशा आहेत. इंटेन्सिटी मॅपिंगमध्ये मात्र अंधूक, लाल, नोंदीत नसलेल्या सगळ्यांचा हायड्रोजन एकत्र ऐकू येतो. एकीकडून दुसरीकडे जायला पुन्हा प्रारूप लागतंच.

या प्रारूपाची पद्धतशीर बांधणी पुण्याशी जोडलेली आहे. आयुकातून पीएच.डी. केलेल्या हंसा पद्मनाभन यांनी राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे तीर्थंकर रॉय चौधरी आणि झुरिचचे अलेक्झांडर रेफ्रेजिए यांच्यासोबत २०१५ मध्ये उपलब्ध सगळी मोजमापं एकत्र ठेवून इंटेन्सिटी मॅपिंगचा संकेत मुळात किती अनिश्चित आहे ते मांडलं. नंतर हायड्रोजन आणि हेलो यांचं नातं मोजक्या प्राचलांत बसवलं, आणि २०१९ मध्ये रेफ्रेजिए व आदम अमारा यांच्यासह मुख्य प्रश्न विचारला: वायूची ही प्राचलं मोकळी सोडली तर विश्वरचनेच्या आकड्यांची अनिश्चितता किती फुगते? ती फुगते, पण अनेक रेडशिफ्टचे थर एकत्र घेतले तर बरीचशी परत आवरते, असा निष्कर्ष निघाला. कारण विश्वरचनेची प्राचलं सगळ्या थरांत एकच असतात.

निष्कर्ष दिलासा देणारा आहे, पण त्याच्या पायात एक गृहीतक आहे: प्रारूपाचा आकार बरोबर आहे, फक्त त्यातली प्राचलं माहीत नाहीत. आकारच चुकला असेल तर प्राचलं कितीही मोकळी सोडा, आकडा अचूक दिसेल आणि चुकीच्या जागी बसेल. ‘कॅमल्स’ या प्रकल्पात विश्वरचना आणि दीर्घिकांची भौतिकी दोन्ही बदलत चार हजारांहून अधिक संगणकीय विश्वं तयार केली गेली. एका प्रारूप-घराण्याच्या वायूवर शिकवलेला संगणक दुसऱ्या घराण्याच्या वायूपुढे उभा केला तर अनेकदा चुकतो, हे त्यातून समोर आलं. दोन्ही घराणी आजच्या दीर्घिकांशी बऱ्यापैकी जुळतात आणि तरी आपापसांत भांडतात.

आकाशगंगेचा प्रकाश दूर करण्याचं काम वेगळं मानलं जातं, पण तीही खभौतिकीच आहे आणि त्याचा फटका त्याच उंचीला बसतो. रेडशिफ्ट १ च्या आसपास हायड्रोजनचा संकेत एक दशांश मिलिकेल्विनच्या घरात असतो आणि समोरचा पडदा त्याच्या हजारो पटींनी उजळ. पडदा ओढताना संकेतही थोडा ओढला जातो. ग्रेगरी पासिगा आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीच्याच विदेतून, एका पल्सारच्या टिकटिकीवर यंत्राचं अंशांकन करत, रेडशिफ्ट ८.६ च्या हायड्रोजनची कमाल मर्यादा २०११ मध्ये ७० मिलिकेल्विन दिली होती. २०१३ मध्ये त्यांनी विदेत खोटा संकेत मिसळून पाहिला, सफाईत तो किती हरवतो ते मोजलं आणि मर्यादा २४८ मिलिकेल्विनवर नेली. मागे येणारा आकडा प्रसिद्ध करायला धैर्य लागतं. हीच तपासणी अपुरी राहिल्यामुळे ‘पेपर’ या दुर्बिणीचा २०१५ चा २२.४ मिलिकेल्विनचा गाजलेला आकडा २०१८ मध्ये मागे घ्यावा लागला.

त्याहून मागे, पहिल्या ताऱ्यांच्या काळात गेलं की विश्वरचना जवळजवळ पडद्याआड जाते. तिथे संकेताचा आकार ताऱ्यांचा अतिनील प्रकाश किती निसटतो, क्ष-किरण वायूला किती तापवतात, यांवर ठरतो. तापमान कमी दिसलं, तर वायू अजून तापलाच नाही. की कृष्णद्रव्यानं त्याची उष्णता शोषली? लहान दीर्घिका कमी, तर स्फोटांनी त्या बंद पाडल्या. की कृष्णद्रव्यच ‘कोमट’ असल्यामुळे त्या घडल्याच नाहीत? २०१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ‘एजेस’ प्रयोगानं ७८ मेगाहर्ट्झला सुमारे अर्ध्या केल्विनची खोल खळगी दिसल्याचं सांगितलं. अपेक्षेच्या दुपटीहून खोल, त्यामुळे कृष्णद्रव्याच्या नव्या गुणधर्मांवर लेखांचा पाऊस पडला. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेनं ‘सारस-३’ हा अँटेना कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावावर आणि शरावतीच्या फुगवट्यावर तरंगत ठेवला, कारण पाण्याखाली जमिनीसारखे थर नसतात आणि अँटेनाचा प्रतिसाद नितळ राहतो. २०२२ मध्ये त्यांनी ती खळगी ९५.३ टक्के विश्वासानं नाकारली. ‘हेरा’ या रेडिओ दुर्बिणीच्या २०२३ च्या निकालांनी इतकं मात्र सांगितलं की रेडशिफ्ट ८ पर्यंत वायू तापलेला होता. हे ज्ञान ताऱ्यांबद्दलचं. पण त्यातूनच कॉस्मिक मायक्रोवेव्ह पार्श्वभूमीच्या विश्लेषणातलं एक जुनं अज्ञात, म्हणजे वाटेतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी किती प्रकाश विखुरला, ते पुढे बांधता येईल आणि न्यूट्रिनोंचं माप सुधारेल. एकाची अडगळ दुसऱ्याच्या कामाची ठरते ती अशी.

एसकेएचे आकडे छाती दडपणारे आहेत: ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ लहान अँटेना, दक्षिण आफ्रिकेत १९७ तबकड्या, आणि भारत सरकारनं मंजूर केलेला १,२५० कोटी रुपयांचा सहभाग. गोंगाट त्यानं नक्की कमी होईल. वायूचे गुणक त्यानं आपोआप सुटे होणार नाहीत. त्यासाठी एकाच आकाशात दोन-तीन प्रकारच्या खुणा एकत्र मोजाव्या लागतील. मीरकॅटनं विगल्झच्या दीर्घिकांसोबत अवघ्या साडेदहा तासांच्या विदेतून ७.७ सिग्माचा संकेत काढला ती याचीच सुरुवात.

वायूच्या गुणकांच्या माहितीतली सर्वांत मोठी फट आज रेडशिफ्ट १.५ ते २ दरम्यान आहे. खोडदची रचलेली सरासरी १.४५ ला थांबते. क्वेसारांतल्या काळ्या पट्ट्या १.६ च्या खाली वातावरणात अडणाऱ्या अतिनील भागात जातात, त्यांसाठी हबलसारखी अवकाश दुर्बीण लागते, आणि त्याच्या जरा वरपर्यंतही जमिनीवरून त्या जेमतेम दिसतात. चाइमचा पट्टा मात्र ०.८ ते २.५ असा या फटीवरून सरळ आरपार जातो.